मडमबाईंची शाळा आणि मराठी बायकांची लेखणी

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी "काहीतरी ऐतिहासिक लिहून द्या" असा कार्यवाहबाईंचा निरोप आला, तेव्हा मी विषय कळविला : ख्रिस्ती मिशन आणि मराठी स्त्रीचे शिक्षण. दुसऱ्याच दिवशी समितीतल्या एक वडीलधाऱ्या भगिनी घरी आल्या. मी त्यांना ताई म्हणते. चहा होईपर्यंत त्या इकडचे तिकडचे बोलल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "अगं, जिजाबाई, अहिल्याबाई सोडून तुला मिशनऱ्यांचं कौतुक कुठून सुचलं? त्यांनी शाळा काढल्या त्या काय आपल्या कल्याणासाठी?"

मी म्हटले, "ताई, कौतुक नाही करायची. जमा आणि खर्च दोन्ही मांडीन."

"बघ बाई," एवढेच बोलून त्या गेल्या. त्यांच्या प्रश्नातला रोख मला अमान्य नाही. त्या शाळा आमच्या कल्याणासाठी, म्हणजे ज्याला आम्ही कल्याण म्हणतो त्यासाठी, काढलेल्या नव्हत्याच. पण हा विषय मला पुस्तकातून सुचला नाही, तो आमच्या आजीवरून सुचला.

माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, अहमदनगरची. (त्या शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण आजीच्या तोंडी शेवटपर्यंत नुसते 'नगर' होते.) विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी, सहा-सात वर्षांची असताना, ती तेथील मिशनच्या मुलींच्या शाळेत जाऊ लागली. घरातून कुणी मोठ्या हौसेने घातले असे नव्हे. शाळा जवळ होती, फी नव्हती, आणि शिवणकाम शिकवीत. पाटीवर मुळाक्षरे, मग बाराखडी, मग येशूच्या गोष्टी, मग पदे. दोन-अडीच वर्षे हे चालले. मग आमच्याच वाड्यातल्या एका कुटुंबात कुणीतरी बाप्तिस्मा घेतला. त्या रात्री वाड्यात चूल पेटली नाही असे आजी सांगे. दुसऱ्या दिवशी पणजोबांनी आजीची पाटी माळ्यावर टाकली आणि शाळा संपली. वर्षभरात तिचे लग्न झाले.

पण अक्षर काही माळ्यावर टाकता येत नाही. सासरी आल्यावर वाड्यातल्या बायकांत वाचता येणारी ती एकटीच. चातुर्मासात दुपारी जेवणे-खाणे आटोपली की ती श्रीधराचा 'हरिविजय' किंवा 'पांडवप्रताप' पुढे घेऊन बसे आणि भोवती दहा-पंधरा बायका वाती वळीत, तांदूळ निवडीत ऐकत. येशूच्या गोष्टी वाचता याव्यात म्हणून मडमबाईंनी शिकविलेल्या अक्षरांनी आजीने साठ वर्षे कृष्णाच्या गोष्टी वाचल्या. ही गंमत मला लहानपणी कळली नाही. पुढे इतिहास वाचू लागले तेव्हा ध्यानात आले की, ही एकट्या आजीची गोष्ट नव्हे, महाराष्ट्रातल्या पुष्कळ बायकांची तीच कहाणी आहे.

आता थोडे मागे जाऊ. आपल्या भाषेशी ख्रिस्ती धर्माचा संबंध इंग्रजी राज्याच्याही आधीचा, गोव्यातला. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला, मराठी-कोंकणी शिकला, आणि त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली राचोल येथे छापले गेले, तेही रोमन लिपीत. ज्ञानेश्वरीच्या ओवीत बायबलाची कथा सांगणारा आणि मराठी भाषेची थोरवी गाणारा हा परका माणूस पाहून कुणालाही आश्चर्य वाटावे. पण त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होते आणि १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकांची स्वतःची बोली बंद करण्याचा हुकूम काढला. एका हाताने भाषेची आरती आणि दुसऱ्या हाताने तिच्या मानेवर सुरी, असा तो प्रकार. तेथे बायकांच्या हाती पुस्तक आले नाही, म्हणून मी गोव्यात फार रेंगाळत नाही.

आपल्या कथेचा खरा आरंभ १८१३ सालचा. त्या वर्षी फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले. हे प्रॉटेस्टंट पंथाचे. त्यांच्या पंथाचा एक आग्रह असा की, प्रत्येकाने, मग तो पुरुष असो वा स्त्री, देवाचे वचन स्वतः वाचले पाहिजे. मधल्या भटजीने वाचून सांगितलेले चालायचे नाही. या एका आग्रहातून पुढचे सारे निघाले. बाईने बायबल वाचायचे म्हणजे तिला आधी वाचता आले पाहिजे, आणि वाचता यायचे म्हणजे शाळा हवी, छापखाना हवा, बाईंना शिकवणारी बाई हवी. १८२४ साली मुंबईत त्यांनी मुलींची शाळा सुरू केली. पुढे स्कॉटिश मिशनच्या मार्गारेट विल्सनबाईंनीही मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या, पण त्या १८३५ सालीच वारल्या.

१८२७ च्या अखेरीस सिंथिया फरार नावाच्या अविवाहित अमेरिकन बाई मुंबईस आल्या. ज्या काळी कोकणस्थ घरातली आठ वर्षांची मुलगी लग्नाची म्हणून मोजली जाई, त्या काळी तिशी ओलांडलेली, लग्न न केलेली, एकटी समुद्र ओलांडून आलेली बाई पाहून लोकांना काय वाटले असेल! त्या मुंबईत बारा वर्षांच्या आसपास राहिल्या, १८३९ साली नगरला गेल्या, आणि १८६२ साली तेथेच वारल्या. पस्तीस वर्षे त्यांनी आमच्या मुलींना शिकविण्यात घालविली. त्यांच्या शाळांत येत त्या बहुतेक गरीब घरच्या मुली. वरच्या जातीचे लोक मुली पाठवायला कचरत, कारण शाळेत धर्म शिकवितात हे त्यांना ठाऊक होते.

या फरारबाईंच्या नगरच्या शाळा पाहून जोतीराव फुले यांच्या मनाने घेतले की, असे काम आपल्या लोकांनी का करू नये? १८४८ साली त्यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी नगरला फरारबाईंकडे अध्यापनाचे शिक्षण घेतले होते. म्हणजे सावित्रीबाई जेव्हा अंगावर शेणमाती झेलीत शाळेला जात, तेव्हा शिकविण्याची जी रीत त्यांच्या हाती होती ती मिशनच्या शाळेतून आलेली होती. पण त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत, जोतीरावही झाले नाहीत. त्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला. मिशनऱ्यांकडून जे घ्यायचे ते घेतले आणि आपल्या वाटेने गेले.

त्याच फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे ही मांग जातीची मुलगी. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये दोन अंकांत छापून आला. 'ज्ञानोदय' हे मिशनचे नियतकालिक, १८४२ साली नगरला निघालेले. वेद वाचण्याचा अधिकार आम्हांस नाही, तर आमचा धर्म तरी कोणता, असा त्या मुलीचा सवाल आहे. आज तो निबंध वाचताना माझ्यासारख्या ब्राह्मण घरात वाढलेल्या बाईची मान खाली जाते. आणि हेही खरे की, त्या काळी अशा मुलीचे लेखन छापणारे पान तिला मिळाले ते मिशनऱ्यांचे.

आता खर्चाची बाजू. ताईंना दिलेला शब्द मी विसरले नाही. धर्मांतर म्हणजे त्या काळी नुसता देव बदलणे नव्हते, माणूस घराला मेला असे समजत. १८५० च्या कायद्यापर्यंत धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्कही जाई. १८४३ साली मुंबईत शेषाद्री बंधूंचे प्रकरण गाजले. थोरला नारायण ख्रिस्ती झाला. धाकटा श्रीपत, अवघ्या बारा वर्षांचा, मिशनरींकडे राहिला होता. कोर्टाने त्याला आईबापांच्या स्वाधीन केले. मग त्याला शुद्ध करून जातीत घ्यावा की नाही यावरून शास्त्रीमंडळींत रणे माजली. त्याला जातीत घ्यावा म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी खटपट केली. बारा वर्षांच्या पोराला समजते किती आणि त्याच्यासाठी ओढाताण किती! मिशनरी मंडळींनी येथे फार मोठी चूक केली असे माझे स्पष्ट मत आहे. आणि ज्यांनी त्या मुलाला परत आल्यावरही दाराबाहेर उभे केले त्यांनी त्याहून मोठी. शिवाय ख्रिस्ती झाल्याने जात सुटली असेही सर्वत्र झाले नाही, मंदिरातली उतरंड पुष्कळ ठिकाणी देवळातून चर्चमध्ये गेली.

साहित्याकडे वळू. मराठीतली पहिली स्वतंत्र कादंबरी म्हणून जिचे नाव घेतात ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ साली निघाली. बाबा बेळगावचे, १८५४ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. यमुना आपल्या पतीबरोबर, विनायकाबरोबर, प्रवासाला निघते आणि ठिकठिकाणी तिला विधवा भेटतात. कुणाचे केशवपन झालेले, कुणाचे पाऊल वाकडे पडलेले, कुणी घरात मोलकरणीसारखी राबणारी. पुढे विनायक मरतो, यमुना स्वतःच विधवा होते आणि अखेर ख्रिस्ती होऊन पुन्हा लग्न करते. खरे सांगते, कादंबरी म्हणून ती मला कंटाळवाणी वाटते. मध्येच उपदेश सुरू होतो तो पाने उलटली तरी थांबत नाही. पण लक्षात घ्या, विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, आणि हे पुस्तक लगेच पुढच्या वर्षीचे. राजे-राण्या, पऱ्या, जादूगार यांच्या गोष्टी रंगवून सांगण्याच्या त्या दिवसांत, शेजारच्या घरात माजघराच्या कोपऱ्यात बसलेल्या सोवळ्या बाईवर पुस्तक लिहावे असे कुणाला तरी वाटले. धर्मप्रसारासाठी का होईना, पण वाटले.

मात्र बाबांची यमुना ही पुरुषाने लिहिलेली यमुना. बाईने स्वतः बोलायचे तर त्यासाठी पंडिता रमाबाईच जन्मास याव्या लागल्या.

रमाबाईंचे चरित्र तुम्हां सर्वांस ठाऊक आहे, त्यामुळे सारे सांगत बसत नाही. त्यांचा जन्म १८५८ चा. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीस संस्कृत शिकविले म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला. आईकडून लेकीस विद्या मिळाली. दुष्काळात आईबाप गेले. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले. १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी वारले, तेव्हा पदरात तान्ही मनोरमा. त्याच वर्षी पुण्यात आर्य महिला समाज, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक, हंटर कमिशनपुढे साक्ष. १८८३ साली इंग्लंड, आणि तेथे वाँटेज येथे बाप्तिस्मा. पुण्याला तो मोठाच धक्का होता.

पण एक गोष्ट पुण्यात फारशी कुणी ध्यानात घेतली नाही. रमाबाई ख्रिस्ती झाल्या त्या धर्मगुरूंच्या मुठीत जायला नव्हे. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या असताना पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा बिशप मंडळींनी हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकविले तर हिंदुस्थानात तिचा बोभाटा होईल म्हणे. आपल्या गुरुभगिनी सिस्टर जेराल्डिन यांना रमाबाईंनी जी पत्रे लिहिली ती मुळातून वाचण्यासारखी आहेत. शास्त्रीबुवांची सत्ता झुगारून आलेली ही बाई पाद्रीबुवांची सत्ता निमूटपणे मानायला तयार नव्हती. आज्ञा पाळायची ती कुणाची आणि का, हे तिला आधी पटायला हवे होते. मला वाटते, अनंतशास्त्र्यांची लेक ती येथेच शोभते.

अमेरिकेत पैसा उभा करून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदासदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. कुणावर धर्माची सक्ती करायची नाही असे ठरले होते. पण रमाबाई स्वतः पहाटे प्रार्थना करीत, दार उघडे असे, मुली जाऊन बसत. १८९३ साली यावरून वादळ उठले. 'केसरी'ने झोड उठवली, रानडे-भांडारकरांसारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला, पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. दोन्ही बाजू मी वाचल्या आहेत. दार उघडे ठेवणे ही सक्ती नव्हे हे खरे, पण ज्या पोरक्या विधवेला जगात दुसरे दारच नाही तिला ते उघडे दार किती ओढून घेईल, हेही खरे. पालकांची भीती अगदीच खोटी नव्हती.

आणि तरीही त्याच सदनातल्या अगदी आरंभीच्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई जोशी पाहा. देवरुखकडची बालविधवा. ती शिकली, ख्रिस्ती मात्र झाली नाही. १८९३ साली, वादळाच्या त्याच वर्षी, तिने फर्ग्युसन कॉलेजातल्या धोंडो केशव कर्वे या विधुर प्रोफेसरांशी लग्न केले आणि आनंदीबाई झाली. रमाबाई या लग्नाच्या पाठीशी होत्या. १८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, १९१६ साली महिला विद्यापीठ. बाया कर्वे त्या कामासाठी दारोदार वर्गणी मागत हिंडल्या. 'माझे पुराण' हे त्यांचे आत्मचरित्र आपल्या मंडळाच्या कपाटात आहे, जरूर न्या. आपल्यापैकी कितीजणी कर्व्यांच्या संस्थांतून शिकल्या! त्या साऱ्या वाटेच्या तोंडाशी रमाबाईंचे सदन आहे.

पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई दुष्काळी मुलुखातून उपाशी मुली आणि विधवा गोळा करून केडगावला आणू लागल्या. तेथे मुक्तिसदन उभे राहिले. विणकाम, शेती, गुरे, आणि छापखाना. हा छापखाना बायकांनी चालविलेला. खिळे जुळविणाऱ्या बायकाच, छापणाऱ्याही बायकाच. कालपर्यंत जिला अक्षर ओळखू येत नव्हते तिने उलटे अक्षर ओळखून ओळी जुळवायच्या! तेथे रमाबाईंनी सारे बायबल मराठीत नव्याने उतरविण्याचे काम हाती घेतले. आधीचे भाषांतर त्यांना संस्कृतप्रचुर वाटे. खेड्यातल्या बाईला ते कळणार नाही, म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून घेतल्या. संस्कृत ज्यांच्या जिभेवर नाचत होते अशा पंडितेने संस्कृत शब्द वेचून वेचून बाजूला ठेवले, याचे मला फार नवल वाटते. १९२१ साली मनोरमा गेली. एकुलती एक लेक गेल्यावरही काम थांबले नाही. शेवटची मुद्रिते तपासून झाली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. ते बायबल भाषेला ओबडधोबड आहे असे जाणकार म्हणतात. असेल. पण एका स्त्रीने भाषांतरिलेले, स्त्रियांनी जुळविलेले, स्त्रियांनी छापलेले इतके मोठे पुस्तक दुसरे दाखवा.

दवाखान्यांचा आणि परिचारिकांचा विषय येथे यायला हवा होता. डॉक्टर वानलेस यांचे १८९४ सालचे मिरजेचे रुग्णालय आपल्याकडच्या कित्येक बाळंतिणींना ठाऊक आहे. पण पाने थोडी आहेत आणि माझी आवडती लक्ष्मीबाई अजून सांगायची राहिली आहे.

नारायण वामन टिळक १८९५ च्या फेब्रुवारीत ख्रिस्ती झाले ते पत्नीला न विचारता. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. पदरी दत्तू. काही वर्षे त्या नवऱ्यापासून दूर, पंढरपूर आणि नातलगांकडे राहिल्या. मग त्याच्याकडे परत गेल्या, पण आपले सोवळे सोडून नव्हे. एका घरात दोन चुली, एकाचा देव वेगळा, दुसरीचे पाणी वेगळे. त्यांचे मन हळूहळू पालटत गेले, आणि १९०० साली त्यांनी आपल्या पायांनी जाऊन बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याने नेली म्हणून नव्हे. या पाच वर्षांचा तो झगडा 'स्मृतिचित्रां'त आहे. त्याचे चार भाग १९३४ ते १९३६ या काळात निघाले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याकडून रागालोभात अक्षरे शिकलेल्या बाईने हे लिहिले. नवऱ्याच्या तऱ्हेवाइकपणावर ती हसते, स्वतःवर त्याहून अधिक हसते, आणि हसता हसता मध्येच डोळ्यांत पाणी आणते. टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' त्यांच्या पश्चात पुरे केले तेही तिनेच.

हे पुस्तक आमच्या घरी कसे आले ते सांगते आणि थांबते. आजोबांनी कुठल्याशा जुन्या पुस्तकांच्या दुकानातून ते आणले आणि 'हे बाटग्यांचे पुस्तक आहे, पण गंमतीचे आहे' असे म्हणून कोनाड्यात ठेवले. आजीने ते दुपारच्या मंडळीत काढले. मी आठ-नऊ वर्षांची असेन, तिच्या मांडीला टेकून ऐकत असे. 'हरिविजया'च्या वेळी बायका मधूनच डुलक्या घेत, या पुस्तकाला मात्र कुणी डुलकी घेत नसे. टिळक घर सोडून गेले तेथवर वाचन आले की आजी थांबे, चष्मा पदराने पुसे. एकदा शेजारच्या काकूंनी विचारले, "काय हो, पुढे ती बाटली का?"

आजीने पान उलटले आणि म्हणाली, "वाचते ना. ऐका."